रिग चोवीस तास चालवायचीय? आधी सॉकेटचा स्क्रू बघा

आमच्या घरात मासळी शिजत नाही. त्यामुळे २०२१च्या जुलैत रात्री अडीच वाजता आईने हलवून उठवलं आणि "वरून मासे करपल्यासारखा वास येतोय" म्हणाली, तेव्हा मी आधी शेजाऱ्यांवर ढकललं. "अडीच वाजता कोण मासे तळतंय?" असं तिने विचारल्यावर मात्र खडबडून जागा झालो.

वर गच्चीलगतच्या खोलीत माझ्या दोन मायनिंग रिग होत्या, म्हणजे पाच-सहा ग्राफिक्स कार्डं जोडून रात्रंदिवस क्रिप्टो चलन (बिटकॉइनसारखं डिजिटल चलन) कमावणारी मशीनं. दोन्ही मजेत चालू. पंखे घुमतायत, स्क्रीनवर हॅशरेट (मायनिंगचा वेग) नेहमीसारखा, कार्डांची तापमानं साठीच्या आतबाहेर, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) वरच. वास येत होता तो भिंतीवरच्या बोर्डातून. टॉपला, म्हणजे प्लगला, हात लावला तर चटका बसला. डीबीतून (एमसीबींच्या मुख्य डब्यातून) लाइन पाडली, बॅटरी दातात धरली आणि बोर्ड उघडला. सॉकेटच्या न्यूट्रलकडचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, वायरचं इन्सुलेशन बोटभर मागे आकसलेलं, तांबं काळंनिळं. स्क्रूला ड्रायव्हर लावायची गरजच पडली नाही, नखाने फिरला. सॉकेट-स्विचचं ते कडक प्लास्टिक तापलं की माशासारखा वास सुटतो, हे तेव्हापासून घरात सगळ्यांना पाठ आहे. तुमच्याही घरच्यांना सांगून ठेवा, कारण धूर दिसण्याच्या कितीतरी आधी हा वास येतो.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. पॅनेल, मोटारी, कॉन्टॅक्टर हेच रोजचं काम. कारखान्यात शटडाउन घेऊन एकेक टर्मिनल आवळून घेणारा मी, आणि घरी दोन रिग एका पांढऱ्या एक्स्टेन्शन बोर्डवर, तो बोर्ड सहा ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये. लाज वाटण्यासारखीच गोष्ट. पुढे जे लिहितोय ते त्या रात्रीनंतर सगळं उपटून नव्याने बसवलं त्याबद्दल आहे. तुमच्याकडे मायनिंगची रिग असो, घरी एआयची मॉडेलं चालवायला घेतलेलं मशीन असो, नाहीतर रात्रभर रेंडर करणारा पीसी, विजेला त्याच्याशी देणंघेणं नाही. तिच्या लेखी तो न थांबणारा लोड आहे.

एमसीबी का पडली नाही

हा प्रश्न मला सगळे विचारतात. पहिल्या रिगमध्ये १६६० सुपरची सहा कार्डं, भिंतीपाशी मोजलं तर ६२० वॉट. दुसरीत आरएक्स ५८०, आठ जीबीवाली सहा, ८५० वॉट. मिळून १,४७० वॉट. क्लॅम्प मीटरवर साडेसहा ॲम्पिअरच्या आसपास. एमसीबी १० ॲम्पिअरची. ती का पडेल? वायरमधून किती करंट जातोय एवढंच तिला कळतं. स्क्रू ढिला आहे, टॉपची पिन सॉकेटमध्ये खुळखुळतेय, हे तिला दिसत नाही आणि विजेची गळती झाली की पडणाऱ्या आरसीसीबीलाही दिसत नाही.

हिशोब साधा आहे. ढिल्या जॉइंटचा रोध समजा ०.२ ओहम झाला. साडेसहाचा वर्ग सव्वाबेचाळीस, गुणिले ०.२, म्हणजे साडेआठ वॉट. ऐकायला काहीच नाही, पण हे साडेआठ वॉट एका स्क्रूच्या टोकावर जमा होतात, बंद बोर्डात, हवा नसलेल्या जागी. मोबाइलची सर्किटं जोडायची साधी सोल्डर गन २५ वॉटची असते, त्यावरून अंदाज घ्या. करंट दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. शिवाय तापलं की तांब्यावर काट चढते, काटेने रोध वाढतो, रोधाने आणखी तापतं.

गिझर यापेक्षा दुप्पट करंट घेतो, तरी तिथे असं सहसा होत नाही, कारण तो वीस मिनिटांत बंद होतो आणि जॉइंट थंड व्हायला उरलेला दिवस मोकळा असतो. रिगला हा आराम नाही. त्यामुळे "आमच्याकडे याच सॉकेटवर इस्त्री चालते, मिक्सर चालतो" हा दाखला इथे उपयोगाचा नाही. आईचं म्हणणं वेगळ्या शब्दांत तेच होतं: "गॅसवर दूध ठेवलं तरी माणूस शेजारी उभा राहतो. तू शेगडी पेटवून झोपायला जातोस."

मीटरपासून कार्डापर्यंत

डीबीला हात लावायचं काम लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. पण काय करून घ्यायचं ते तुम्हाला माहीत पाहिजे, नाहीतर तो "होतंय की साहेब" म्हणत जुन्याच पॉइंटमधून ओढून देईल.

डीबीतून रिगसाठी स्वतंत्र सर्किट काढायचं. त्यावर दुसरं काही नाही, पंखासुद्धा नाही. मी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची एफआर (सहज पेट न घेणारी) वायर टाकली. अडीचची चालली असती, पण चारची कमी तापते आणि किमतीतला फरक एका कार्डाच्या पंख्याएवढाही नाही. वायर सलग हवी, मध्ये कुठे पिळून टेप मारलेला जॉइंट नको. आयएसआय मार्क बघा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही बाजारात मिळते, टोक खरवडलं की आतून पांढरं दिसतं.

त्यावर सी-कर्व्हची (मशीन चालू होतानाचा क्षणिक धक्का सोसणारी) १६ ॲम्पिअरची एमसीबी आणि रिगपुरती वेगळी ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी. वेगळी अशासाठी की कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून थोडी गळती अर्थिंगकडे जातेच, त्यातल्या फिल्टरची रचनाच तशी असते. चार-पाच सप्लाय आणि घरचं वॉशिंग मशीन एकाच आरसीसीबीवर आले की ती उगाच पडायला लागते. मग कंटाळून कोणीतरी ती बायपास करून देतं. हे मी एका ओळखीच्यांच्या घरी डोळ्यांनी पाहिलंय.

सॉकेट १६ ॲम्पिअरचंच, प्रत्येक पॉवर सप्लायला एक. कुठलाही टॉप बसेल अशी तीन-चार आकारांची भोकं असलेलं युनिव्हर्सल सॉकेट नको, कारण त्याची पकड कुठल्याच पिनेवर धड नसते. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच, महागातला असला तरी नको. पॉवर सप्लायसोबत येणारी केबलही तपासा. बारीक केबल आणि सहा ॲम्पिअरचा टॉप असेल तर ती बाजूला ठेवून १६चा टॉप असलेली दीड स्क्वेअर एमएमची घ्या. सप्लायच्या बाजूचं कनेक्टर मुळात १० ॲम्पिअरचं असतं, तेव्हा मोठा टॉप लावला म्हणून हवं तेवढं ओढता येतं असं नाही. चोवीस तासांच्या लोडसाठी माझा स्वतःचा नियम: ज्या वस्तूवर जो आकडा छापलाय, त्याच्या साठ टक्क्यांवर थांबायचं. पॉवर सप्लायलाही तेच. ६२० वॉटच्या रिगला १,००० वॉटचा सप्लाय लावला की तो थंड राहतो, त्याचा पंखा किरकिरत नाही आणि कार्यक्षमतेतही तो आपल्या सर्वांत चांगल्या टप्प्यात असतो.

वायरच्या टोकांना लग (दाबून बसवायची धातूची टोपी) मारून घ्या. उघड्या तारा पिळून स्क्रूखाली दाबल्या की त्या हळूहळू बसतात आणि स्क्रू ढिला पडतो. माझा तसाच ढिला झाला होता. पहिल्या आठवड्याने एकदा आणि मग दर तीन महिन्यांनी, मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, सगळे स्क्रू आवळायचे. डीबीतली न्यूट्रलची पट्टी विसरू नका. लोक फेज आवळतात आणि न्यूट्रलला कोणी विचारत नाही. करंट तिथूनही तेवढाच जातो.

अर्थिंगचं काय? तीन पिनांचा टॉप लावला म्हणजे अर्थिंग झालं असं नाही. कितीतरी जुन्या घरांत तिसरी पिन भिंतीत शिरते आणि तिथेच संपते. लोड चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजा. एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक, दहा-पंधरा दिसले तर वायरमनला पुन्हा बोलवा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर मीटर शोधत बसू नका, बंद करा. फ्रेमही वेगळ्या हिरव्या वायरने अर्थ करून घ्या.

आता रिगच्या आतलं. इथे सर्वांत जास्त गोष्टी जळतात आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: रायझरला (कार्ड मदरबोर्डपासून लांब बसवायची छोटी पट्टी) साटामधून (हार्ड डिस्कला पॉवर देणाऱ्या कनेक्टरमधून) दिलेली पॉवर. रायझरच्या पाकिटात साटाचं ॲडॅप्टर फुकट येतं, म्हणून लोक ते वापरतात. कार्ड स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंत ओढू शकतं. साटाच्या कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येक दीड ॲम्पिअरची, म्हणजे जास्तीत जास्त ५४ वॉट. आणि लोक एका साटाच्या माळेवर तीन-तीन रायझर लटकवतात. माझ्या दुसऱ्या रिगमध्ये एक कनेक्टर असाच पिवळट होऊन पिनांना चिकटला होता. तो सोडवताना निम्मा हातात आला. रायझर सहा पिनांचाच घ्यायचा आणि त्याला थेट सप्लायच्या सहा पिनांच्या केबलने पॉवर द्यायची. एका केबलवर दोनच्या वर रायझर नाहीत. दोन सप्लाय वापरत असाल तर एखाद्या कार्डाचा रायझर आणि त्या कार्डाची वरची केबल दोन्ही एकाच सप्लायमधून आली पाहिजे, नाहीतर दोन सप्लाय त्या कार्डातून एकमेकांशी झुंजतात. आणि एका मॉड्युलर (केबली सुट्या होणाऱ्या) सप्लायची केबल दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला लावू नका. कार्डाकडचं टोक सारखंच असतं, पण सप्लायकडच्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. कार्ड क्षणात जातं.

मग कार्डाला लगाम घाला. कोअरचा क्लॉक (वेग) उतरवून, व्होल्टेज कमी करून, पॉवर लिमिट लावून. माझी १६६० सुपर ७५-८० वॉटवर तेवढंच काम करत होती, जे ती कंपनीच्या सेटिंगवर १२५ला करायची. आगीचा धोका, उन्हाळा आणि बिल, तिन्ही एका सेटिंगने उतरतात. पैसे न खर्चता होणारी यापेक्षा चांगली सुरक्षा मला माहीत नाही.

गरम हवा, पाल आणि कडप्पा

१,४७० वॉटची रिग म्हणजे खोलीत दीड हजार वॉटचा हीटर, बाकी काही नाही. विजेतलं जवळजवळ सगळं उष्णतेतच जातं. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर फेकतो, त्यातले चाळीस टक्के रिगवरच जातील, तेव्हा एसी लावून रिग थंड ठेवायची म्हणजे विकतची आग विकतच्या पाण्याने विझवायची. हवा बदलणं हाच मार्ग. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा यात १० अंशांचा फरक ठेवायचा तर माझ्या लोडला तासाला सुमारे साडेचारशे घनमीटर हवा लागते. एक्झॉस्टच्या डब्यावर याच्या दुप्पट-तिप्पट लिहिलेलं असतं, पण जाळी आणि धूळ धरून मी बारा इंची लावला आणि त्याचं वाईट वाटलं नाही. एक्झॉस्ट भिंतीत वर, हवा यायची खिडकी समोरच्या भिंतीत खाली, रिग मधोमध. दोन्ही एकाच भिंतीत असतील तर गरम हवा वळसा घालून परत आत येते.

रिगखाली प्लायवूड, पुठ्ठा, चादर काही नको. आमच्या जुन्या स्वयंपाकघरातली कडप्प्याची फळी पडून होती. लोखंडी अँगलचा रॅक केला आणि त्यावर ती टाकली. जळणार नाही, वाकणार नाही, पुसायलाही सोपी. आणि एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकाकडे बघतो: वॉरंटीसाठी जपून ठेवलेले कार्डांचे रिकामे खोके, रिगच्या शेजारीच छतापर्यंत रचलेले. आतून थर्माकोल आणि फोम. ते दुसऱ्या खोलीत न्या. गोधड्या, रद्दी, दिवाळीचे उरलेले फटाके, सगळं तिथून हलवा. दिवाळीत बाण खिडकीतून आत येतो, हे गृहीत धरून खिडकीला बारीक लोखंडी जाळी हवीच.

जाळीचं दुसरं कारण पाल. पालीला ऊब आवडते आणि थंडीत रिग म्हणजे तिच्यासाठी शेकोटीच. सप्लायच्या आत शिरलेली पाल स्वतः तर जातेच, सोबत सप्लाय नेते. मुंग्याही तशाच. त्या स्विचच्या मागे घर करतात. उंदीर असतील तर केबली खालून नेऊ नका. दर पंधरा दिवसांनी ब्लोअर मारायचा, मशीन बंद करून, पंख्याची पाती बोटाने धरून.

पावसाळ्यात चालू रिगला दमटपणाचा फारसा त्रास नाही, ती स्वतःच कोरडी राहते. चार दिवस बंद पडलेली रिग जास्त धोक्याची.

लाइट जाते, येते, जाते

नाशिकला पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा एकदाच जात नाही. येते, दहा सेकंदांत जाते, पुन्हा येते. प्रत्येक वेळी सगळ्या रिग एकदम उठल्या की पॉवर सप्लायवर आणि संपर्कांवर तेवढे धक्के. शेतातल्या पंपांना ऑटो स्विच लावू नका असं महावितरण सांगत असतं त्यामागेही हेच, लाइट आली की सगळे पंप एकदम उठतात आणि ट्रान्सफॉर्मर बसतो.

मी कारखान्यातली साधी युक्ती घरी लावली. रिगच्या सर्किटवर एक कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळाली की उचलणारा मोठा स्विच), त्याच्या कॉइलच्या आधी पाच मिनिटांचा ऑन-डिले टायमर. लाइट येऊन सलग पाच मिनिटं टिकली तरच कॉन्टॅक्टर उचलतो. त्याच कॉइलला सिरीजमध्ये एक थर्मोस्टॅट, ५० अंशांवर लावलेला, रिगच्या मागे जिथून गरम हवा निघते तिथे. एक्झॉस्टचा पंखा जळाला, कोणी खिडकी लावून टाकली, काहीही झालं तरी ५० झाले की सगळं बंद. आणि तापमानामुळे पडला तर वर जाऊन हाताने बटण दाबल्याशिवाय पुन्हा उठत नाही, म्हणजे का पडला ते बघावंच लागतं. एप्रिल-मेच्या दुपारी तो पडायचाच. पडू दिला. बायको म्हणायची, त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

हे सॉफ्टवेअरनेही होतं ना, असं मुलं विचारतात. होतं. हाइव्ह ओएसमध्ये (रिग चालवायचं सॉफ्टवेअर) तापमानाची मर्यादा टाकता येते, आणि ती टाकाच. पण सॉफ्टवेअर हँग होतं. थर्मोस्टॅटला हँग होता येत नाही. शिवाय सॉफ्टवेअरला फक्त कार्डाचं तापमान दिसतं. माझा बोर्ड जळत होता तेव्हा कार्डं साठवरच होती.

ओव्हर-अंडर व्होल्टेजचा प्रोटेक्टर लावा, २६०च्या वर गेलं की तोडणारा. खांबावरचा न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात तीनशेच्या वर व्होल्टेज येऊ शकतो आणि गल्लीतले टीव्ही-फ्रिज एका झटक्यात जातात. रिगही त्यातच. घरच्या इन्व्हर्टरवर रिग कधीच टाकू नका. १२ व्होल्ट १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात, म्हणजे माझ्या दोन रिगना जेमतेम सव्वा तास, आणि इन्व्हर्टर आधीच ओव्हरलोडला पडेल. इन्व्हर्टरची फिरवलेली लाइन कुठल्या सॉकेटपर्यंत येते ते आधी तपासा, पुष्कळांना ठाऊकच नसतं.

तरीही पेटलंच तर

धुराचा अलार्म बॅटरीवरचा, एक रिगच्या खोलीत आणि एक तुम्ही झोपता त्या खोलीबाहेर. महिन्यातून एकदा बटण दाबून वाजवायचा, आईला त्याचा आवाज ओळखता आला पाहिजे. रिगचा मुख्य आयसोलेटर (सगळी लाइन तोडणारा स्विच) खोलीच्या बाहेर, दाराशेजारी, खांद्याच्या उंचीवर. दोन किलोचा सीओटू सिलेंडरही बाहेरच. लोक तो रिगच्या वरच टांगतात, मग आग लागल्यावर आगीतून हात घालून काढणार का? आधी आयसोलेटर पाडायचा, मग सिलेंडर. पाणी नाही. ठिणगी किंवा छोटी ज्योत असेल तरच हे करायचं. खोली धुराने भरली असेल तर दार ओढून घ्या, सगळ्यांना खाली काढा आणि १०१ लावा. कार्डांचा धूर एक श्वासही घेण्यासारखा नसतो, आणि बंद खोलीत सीओटू मारून तिथेच उभं राहणं तेवढंच वाईट.

रिग कधीही झोपायच्या खोलीत नको. ज्या खोलीतून जिन्याकडे जायची वाट आहे तिथेही नको.

नेटवरच्या चोरांबद्दल थोडक्यात. मायनरचं सॉफ्टवेअर मूळ जागेवरूनच उतरवा. "अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा" असं सांगणाऱ्या व्हिडिओखालच्या लिंकवरून नको. आलेला डीफॉल्ट पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. वॉलेटचे, म्हणजे क्रिप्टोच्या तिजोरीचे, बारा किंवा चोवीस गुप्त शब्द त्या मशीनवर टाइप करू नका, रिगला फक्त पत्ता लागतो. रिगला घरच्या मोबाइल-लॅपटॉपपासून वेगळ्या गेस्ट वायफायवर ठेवा.

परवडतं का

एक किलोवॉट चोवीस तास म्हणजे दिवसाला २४ युनिट, महिन्याला ७२०. माझ्या दोन रिग महिन्याला हजाराच्या वर युनिट खात. घरगुती दरात ५००च्या पुढचा स्लॅब सर्वांत महाग, आणि सगळे आकार धरून मला वरचं युनिट तेव्हा पंधरा रुपयांच्या आसपास पडत होतं. २०२१मध्ये इथेरियमच्या, म्हणजे मी कमवत होतो त्या क्रिप्टोच्या, भावाने ते झाकून नेलं. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं आणि जगभरची मायनिंगची ग्राफिक्स कार्डं एका दिवसात जवळजवळ बेकार झाली. इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन ही दुसरी क्रिप्टो करून बघितली, बिलाइतकंही निघेना. दहा कार्डं विकली.

बिटकॉइनचं म्हणाल तर ते ग्राफिक्स कार्डावर होतच नाही. त्याला एएसआयसी (फक्त मायनिंगसाठी बनवलेलं यंत्र) लागतो. त्यातला अँटमायनर एस१९ साधारण ३,२५० वॉट ओढतो आणि ७५ डेसिबलने ओरडतो. म्हणजे १४ ॲम्पिअर, रात्रंदिवस, दिवसाला ७८ युनिट. एप्रिल २०२४च्या हाविंगनंतर (ठरावीक काळाने बक्षीस निम्मं होतं, त्यानंतर) ब्लॉकमागचं बक्षीस ३.१२५ बिटकॉइनवर आलंय. घरगुती मीटरवर, फ्लॅटमध्ये, हे यंत्र आणायचा विचार करणाऱ्याला मी वायरिंग सांगतच नाही, चहा पाजून परत पाठवतो.

मंजूर भार तपासा, कमी असेल तर रीतसर वाढवून घ्या. घरगुती मीटरवर धंदा चालतोय असं ठरलं तर वीज कायदा २००३च्या कलम १२६खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, तेव्हा वीज कंपनीच्या कार्यालयात लेखी विचारलेलं बरं. आकडा टाकणं ही चोरी, कलम १३५, त्यावर बोलायलाच नको. आणि एप्रिल २०२२पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, वर सेस. त्यातून वीजबिल किंवा मशीनची किंमत वजा करता येत नाही. हे गणित मशीन घ्यायच्या आधी करा. माझं नंतर झालं.

आता दोन कार्डं ठेवलीत, पुतण्याच्या रेंडरिंगला आणि माझ्या हौसेला. वायरिंग तेच, कॉन्टॅक्टर तोच.

गावाला जाताना

बंद. यावर चर्चा नाही. २०२१च्या गणपतीत गावी जाताना जीव जात होता, चार दिवसांचे पैसे बुडणार म्हणून. आई जिन्यात उभी राहिली, आयसोलेटर पडल्याचा आवाज ऐकला, मगच गाडीत बसली.

परत आल्यावर लगेच चालू करू नका, पावसाळ्यात तर नाहीच. खोली उघडा, आधी नाकाने हुंगा. बॅटरी मारून सप्लायच्या जाळीत, बोर्डाच्या मागे, पंख्यांत बघा. आमच्याकडे त्या वेळी एक्झॉस्टच्या पात्यांमागे पारव्याने काड्या आणून टाकल्या होत्या. पंखा आधी चालू करून तासभर हवा खेळू द्या. मग एक रिग, दहा मिनिटांनी दुसरी. आणि पंधरा मिनिटांनी, एका तासाने, झोपायच्या आधी, प्रत्येक टॉपला हात लावून बघा. खोलीइतकाच थंड लागला पाहिजे. कोमट लागला तरी मी बोर्ड उघडतो.